उताणी कुणाची, पालथी कुणाची

कौलनानांना एक खोड होती. कुणाच्याही घरात शिरले की ते आधी माणसांकडे बघायचे नाहीत, वर बघायचे. घरधनी हात जोडून उभा, बायकोने चहा टाकलेला, आणि नानांची मान पाणी प्यालेल्या कोंबडीसारखी आभाळाकडे. आढं सरळ आहे का, वासे वाकलेत का, त्यांवरच्या आडव्या रिपा कुठे कुजल्यात, हे सगळं डोळ्यांनी चाचपून झालं की मग मान खाली यायची. "हं, काय म्हणता? बरे आहात ना?" खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत असं आपल्यात म्हणतात. कुणी तसं तोंडावर म्हटलंच, तर नाना म्हणायचे, "मी खायच्या आधी मोजतो. त्यात कसलं पाप?"

जन्म गेला छपरं शाकारण्यात. अर्धगोल नळीची कौलं, एक उताणं, एक पालथं. उताण्या कौलांच्या ओळीतून पाणी वाहायचं आणि दोन उताण्यांमधली फट पालथ्या कौलाने झाकायची, एवढीच ती विद्या. नाना सांगायचे, "मुंगीला शिकवली तर तीही घालेल. फक्त मुंगी बिडी प्यायला खाली उतरत नाही, म्हणून तिचं काम लवकर होईल." गावातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यावर बसून त्यांनी पोट भरलं होतं. वरून माणूस वेगळाच दिसतो. कोण कुणाच्या परसात भांडी लपवतो, कोण माळ्यावर कुणाला न सांगता काय साठवतो, आणि कुणाच्या घरात पाणी कुठे मुरतंय, हे नानांना ठाऊक असायचं. पण ते कुणाला सांगायचे नाहीत. बायकोला सांगायचे. मग वेगळं कुणाला सांगायची गरज पडायची नाही.

पुढे पत्रे आले, गच्च्या आल्या, आणि कौलं घालणारे नाना एकटेच उरले. त्यात गुडघे गेले. डॉक्टरने एक बोट वर केलं आणि ते डावीकडून उजवीकडे हलवलं. म्हणजे शिडी बंद. नाना ऐकणार नव्हते, पण डॉक्टरचं ते बोट बायकोने पाहिलं होतं. तिने शिडी उचलून परसात आडवी केली आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला.

"अगं, शिडी आहे ती!"

"मग? चढतोच आहे ना वेल?"

नानांनी तेही सोसलं असतं. पण एक गोष्ट राहिली होती. पोरगी लहान असताना त्यांच्याबरोबर कामावर यायची, खाली मातीत बसून फुटक्या कौलांची घरं मांडायची. तेव्हा नानांनी तिला शब्द दिला होता, की तुझ्या घराचं छप्पर मी घालीन, सबंध, माझ्या हातांनी, आढ्यापासून वळचणीपर्यंत. पोरगी मोठी झाली, परक्या भाषा शिकली, कचेरीतल्या लोकांना इंग्रजीतून स्पॅनिश शिकवायला लागली, आणि शिकवता शिकवता एका स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाशी लग्न करून बसली. मुलगा चांगला होता. नानांच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा आत शिरताच त्याने वर बघितलं. नाना तिथेच विरघळले.

"ह्याला छपरातलं कळतं?"

"त्याला नाही, नाना. त्याच्या बाबांना कळतं. तेही कौलंच घालतात. हीच, नळीची."

व्याही आपल्याच धंद्यातला निघावा हे काही खरं नव्हे. न्हाव्याने न्हाव्याची हजामत करावी तसं होतं ते. दोघांचंही लक्ष वस्तऱ्याकडे.

पोरीने आणि जावयाने दोन गल्ल्या सोडून एक जुनं घर घेतलं. भिंती धड होत्या, वरचं सगळं उतरवायचं होतं. नानांनी बायकोसमोर गुडघा तीनदा वाकवून दाखवला, चौथ्यांदा वाकला नाही तेव्हा हातांनी वाकवला, आणि शेवटी परवानगी मिळवली. हे एकच छप्पर. ह्यानंतर नाही. दोडक्याचा वेल सोडवताना बायकोने तीन शिव्या दिल्या, त्यातली एक डॉक्टरला होती.

आणि त्याच आठवड्यात पोरगी म्हणाली, "नाना, सासरे येताहेत. घर लागेपर्यंत राहतील."

"येऊ देत की. बसतील, बघतील."

पोरगी नखं बघायला लागली. नानांनी तिला लहानपणापासून ओळखलेली. ती नखं बघते म्हणजे कुठेतरी गळती असते.

"बोल."

"त्यांनी फोनवर विचारलं, छप्पर मी घालू ना? मी हो म्हटलं."

"आणि मला काय म्हणालीस?"

"तुम्हालाही हो म्हटलं. मग कुणाला नाही म्हणायला हवं होतं मी? तुम्हाला की सासऱ्यांना?"

नाना उठले, बसले, पुन्हा उठले. मग म्हणाले, "त्यांना आपली भाषा येते?"

"एक अक्षर नाही."

"मग मला त्यांची शिकव. सगळी नको. छपरापुरती. माणसाला खाली उतर म्हणायचं तर त्याच्या भाषेत म्हणावं, नाहीतर उद्धटपणा दिसतो."

अशी नानांची शाळा सुरू झाली. कौल म्हणजे तेखा. उतरतं छप्पर म्हणजे तेखादो. घराचं कुठलंही माथं, आतून बाहेरून, म्हणजे तेचो. गच्ची म्हणजे आसोतेआ. हे शब्द नानांनी एका दुपारात गिळले. पण नुसते शब्द म्हणजे नुसता चुना, त्याला वाळू पाहिजे. म्हणून त्यांनी म्हणी मागितल्या. आणि पोरगी इंग्रजीतून शिकवायची सवय असलेली, त्यामुळे प्रत्येक म्हणीबरोबर इंग्रजी फुकट यायची.

"एम्पेसार ला कासा पोर एल तेखादो," ती म्हणाली. "घराची सुरुवात छपरापासून करणं. इंग्रज म्हणतो, घोड्याच्या पुढे गाडी जोडली."

"आधी कळस मग पाया," नाना म्हणाले. "हे आपलंच आहे. कुणी नेलं तिकडे?"

"रागाने बेभान झाला तर स्पॅनिश माणूस भिंतींवर चढतो. इंग्रज छपराला धडकतो."

नानांनी विचार केला. "म्हणजे स्पॅनिश अजून भिंतीवरच आहे, इंग्रज वर पोचला. मी रागावलो तर काय करतो?"

"तुम्ही आईला सांगता," पोरगी म्हणाली. आतून आईने "हो!" म्हटलं.

डोकं फिरलेल्या माणसाची गच्ची बिघडलेली असते, हे नानांना फार आवडलं. आपल्याकडे वरचा मजला रिकामा असतो. इंग्रजांच्या घंटाघरात वटवाघळं शिरतात. "वटवाघळं शिरली म्हणजे कौल सरकलंय," नाना म्हणाले, "दुसरं काही नाही." म्हातारपणाच्या दुखण्यांना स्पॅनिशमध्ये गोतेरास म्हणतात, म्हणजे गळत्या, हे ऐकल्यावर मात्र त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि पुढची म्हण मागितली.

"दे तेखास आबाखो. कौलांच्या खालचं. म्हणजे ह्या जगातलं, माणसांचं. आणि कौलांच्या वरचं ते देवाचं."

"आणि कौलांवर बसलेल्याचं काय?"

पोरीने विषय बदलला, "व्याह्याला काय म्हणतात सांगू? कोन्सुएग्रो. त्यांच्यात शब्द आहे. इंग्रजीत नाहीच."

"इंग्रजांना व्याही नसतात?"

"असतात. पण बोलवत नाहीत."

"शहाणी जात," नाना म्हणाले.

व्याही आले. बुटके, रुंद, मिशी चुन्याच्या कुंच्यासारखी, आणि हातांची बोटं नानांच्या बोटांसारखीच, टोकाला चपटी. नाना दारात उभे राहून म्हणाले, "कोन्सुएग्रो!" व्याह्यांनी त्यांना मिठी मारली, आत शिरले, आणि आधी वर बघितलं. बघतच राहिले. मग एका वाशाकडे बोट दाखवून जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

तो वासा खरंच वाकलेला होता. पण तो नानांना ठाऊक होता आणि नानांनी तो मुद्दाम ठेवला होता. निदान त्या दिवसापासून तरी.

जेवणानंतर नानांनी गळा साफ केला आणि पाठ केलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. तेखादो माझा, पोरगी माझी, शब्द दिलेला, तुम्ही पाहुणे, बसा. मध्ये एक गच्चीची म्हणही पडून गेली, ती पडायला नको होती. व्याह्यांनी शांतपणे ऐकलं, मग मिशी पुसली आणि एवढंच म्हणाले, "ला पेलोता एस्ता एन तू तेखादो."

नानांनी पोरीकडे बघितलं.

"चेंडू तुमच्या छपरावर आहे," ती म्हणाली. "म्हणजे आता तुम्ही ठरवा. इंग्रज म्हणतो, चेंडू तुमच्या कोर्टात."

"चेंडू माझ्या छपरावर," नाना म्हणाले, "आणि छप्पर माझं. त्यांनीच कबूल केलं!"

पण व्याह्यांनी तसलं काही कबूल केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाना आपली शिडी घेऊन पोरीच्या घरी पोचले, तर घराच्या उजव्या अंगाला दुसरी शिडी लागलेली आणि व्याही वर वळचणीला पहिलं कौल बसवताहेत. नानांनी डाव्या अंगाला शिडी लावली, गुडघ्याला दम दिला, आणि चढले.

आता हे कुणाही शहाण्या माणसाने बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता. छप्पर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घालतात. दोन कडांनी दोघांनी सुरू करायचं नसतं. पण वर दोघेही उस्ताद होते, आणि उस्तादाला मधे थांबून विचारायची सवय नसते. नाना कडेला पहिलं कौल उताणं ठेवत, व्याही पालथं. नाना दोन उताण्यांत चार बोटं फट सोडत, व्याही तीन. दोघेही भराभर, एकमेकांकडे न बघण्याचं नाटक करत, मधल्या रेषेकडे सरकत होते. जावई खालून कौलं चढवायचा, एक टोपली डावीकडे, एक उजवीकडे, मोजून सारखी, नाहीतर वरून डोळे वटारले जायचे. पुढची उतरण झाली, मागची झाली.

आणि मधोमध, आढ्यापासून वळचणीपर्यंत, फट राहिली. उताणं ठेवलं तर मावत नाही. पालथं ठेवलं तर पोचत नाही. त्या फटीतून खाली पोरीचं स्वयंपाकघर दिसत होतं, आणि स्वयंपाकघरात पोरगी उभी राहून वर बघत होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," नाना म्हणाले. "नादा," व्याही म्हणाले. दोघांनी एकाच वेळी फटीवरून तोंडं मागे घेतली.

उपाय एकच होता. कुणीतरी आपल्या बाजूच्या ओळी उचलायच्या आणि थोड्या थोड्या सरकवायच्या. नानांनी खुणेने दाखवलं, तुम्ही उचला. व्याह्यांनी खुणेने दाखवलं, तुम्ही. नानांनी चेंडूची म्हण म्हटली. व्याह्यांनी ती जशीच्या तशी परत केली. असा तो चेंडू दिवसभर इकडून तिकडे गेला, आणि छप्पर होतं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर व्याही पुढच्या खोलीत आडवे झाले. घोरण्याचा आवाज आला. नानांनी जरा वेळ ऐकलं. घोरणं खणखणीत होतं, जरा जास्तच खणखणीत, पण नानांना घाई होती. ते पाय न वाजवता पुढच्या उतरणीवर चढले आणि व्याह्यांच्या बाजूच्या दोन ओळी उचलायला लागले. फार नाही, दोनच. उद्या व्याह्यांना कळणारही नाही. पण कौलांचं असं आहे, एक ओळ हलवली की तिच्या शेजारची म्हणते मला का सोडलंत. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. नाना घामाघूम. मधूनच कुठेतरी कौलावर कौल टेकल्याचा 'खण्' आवाज यायचा. नानांना वाटायचं आपलाच आहे. ते थांबायचे, श्वास धरायचे, पुन्हा सुरू.

शेवटी आढ्याशी पोचले आणि मान वर केली, तर पलीकडून एक मिशी वर आली.

व्याह्यांच्या दोन्ही हातांत कौलं होती. नानांची. मागच्या उतरणीवरची नानांची अख्खी बाजू कोंबडी सोलावी तशी सोललेली होती. नानांच्या हातात व्याह्यांची कौलं. दोघांनी एकमेकांच्या हातांकडे बघितलं, मग एकमेकांच्या उघड्या वाशांकडे. कुणी काय बोलणार? चोराच्या घरी चोर शिरला, आता पंचनामा कुणी करायचा? नानांच्या पोटात हसू हललं, पण ते आधी सोडायचं नव्हतं. व्याह्यांची मिशी थरथरत होती. मग ती फुटलीच. आणि दोघे आढ्याच्या दोन अंगांना बसून असे हसले, की खाली शेजाऱ्यांची कुत्री भुंकायला लागली.

त्या आवाजाने नानांची बायको पोरीच्या परसातून आली. तिने वर बघितलं. अर्धं छप्पर गायब. तिने आधी डावी शिडी काढली, मग उजवी, आणि दोन्ही भिंतीकडेला आडव्या करून त्यांच्यासमोर पाट टाकून बसली.

"अगं, शिडी!"

"चढू नका म्हणत होते तेव्हा ऐकलंत? आता उतरू नका म्हणते, हे तरी ऐका."

"अगं, गुडघा—"

"तो वरच आहे ना तुमच्याबरोबर? मग त्यालाही कामाला लावा. पोरीच्या घरात ऊन पडलंय भांड्यांवर. संध्याकाळी शिडी लावीन, सकाळी चढलात की काढीन. एका कडेपासून सुरू करा. दोघांनी. एकाच." तिने एक बोट वर केलं. ते व्याह्यांना भाषांतराशिवाय कळलं.

आता प्रश्न असा, की एकाच कडेपासून दोघांनी कसं घालायचं. नाना पहिल्या ओळीशी उकिडवे बसायला गेले आणि गुडघ्याने साफ नकार दिला. कण्हणं दातांखाली दाबलं, तरी ते व्याह्यांनी ऐकलं. व्याह्यांनी हात पुढे केला आणि नानांना रिपांवर पाय पसरून बसतं केलं. अशा बसण्यात माणूस काय करू शकतो? ढुंगणावर सरकत सरकत उताणी कौलं मांडू शकतो, बास. पालथी घालायची तर वाकावं लागतं, उठावं लागतं.

म्हणजे सबंध छप्पर आता आपलं होत नाही, हे नानांना त्या रिपांवर बसल्या बसल्या कळून चुकलं. पोरीला दिलेला शब्द अर्धा गेला. पण नाना ते नानाच, त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळला. पाणी कशावरून वाहतं? उताण्यावरून. पालथं काय, नुसतं झाकण. पातेलं आपलं, झाकण व्याह्यांचं. वरण कशात शिजतं?

ते प्रसन्न चेहऱ्याने वळले आणि मोठ्या मनाचा माणूस दान देताना हलवतो तसा हात हलवला. पालथी तुम्ही घाला, कोन्सुएग्रो. उताणी मी बघतो.

व्याही इतक्या चटकन होकाराचं 'सी' म्हणाले की नानांना जरा शंका आली. पण काम सुरू झालं होतं. नाना पुढे सरकत उताणी मांडायचे, मागून व्याही पालथी घालत यायचे. फटीचं भांडण तीन बोटं आणि चार बोटं यांच्यामध्ये, साडेतीनावर मिटलं. नानांची बायको खालून दोरीला टोपली बांधून भाकरी वर चढवायची, आणि दोघे आढ्यावर बसून ती अर्धी अर्धी खायचे. व्याह्यांनी तेवढ्यात एक शब्द उचलला. काही चुकलं की ते नानांकडे बघून म्हणायचे, "अगं!"

छप्पर पुरं झालं. आढ्यावरून पाण्याच्या घागरी ओतून बघितल्या, खाली टिपूस नाही. पोरगी रस्त्यावर उभी राहून वर बघत राहिली. लाल, सरळ, विंचरल्यासारखं. तिने नानांचा हात धरला. नाना म्हणाले, "दिलेला शब्द," आणि नाक ओढलं. धूळ होती.

त्या रात्री बायकोजवळ त्यांनी गुपित फोडलं. "त्या बिचाऱ्याला वाटतंय, छप्पर त्याने घातलं. अगं, पाणी सगळं माझ्या कौलांवरून जातं. छप्पर माझंच. त्याला सांगू नकोस हं, वाईट वाटेल."

बायकोने पोरीला सांगितलं. पोरगी हसत सुटली. "आई, सासऱ्यांनी संध्याकाळीच त्यांच्या बायकोला फोन केला. म्हणाले, रस्त्यावरून दिसतं ते छप्पर, आणि दिसतंय सगळं माझं. म्हाताऱ्याला खाली उताणी गटारं घालायला बसवलं. त्याला सांगू नका, वाईट वाटेल."

हे सकाळी नानांपर्यंत पोचलं. कसं पोचलं ते विचारायलाच नको. बायकोच्या पोटात एकदा गेलेली गोष्ट तशीही मुक्कामाला थांबत नाही.

"गटारं?" नाना म्हणाले. "गटारं!" अनवाणीच ते पोरीच्या घरासमोर जाऊन उभे राहिले. व्याही बाहेर आले. नानांनी वर बोट केलं, व्याह्यांनी वर बोट केलं. नाना आपल्या भाषेत सुरू झाले, व्याही त्यांच्या. झाकण, पातेलं, तेखा, तेखादो, गच्ची, वटवाघळं, सगळं निघालं. पोरीने थोडा वेळ भाषांतर केलं, मग ती कचेरीला निघून गेली. कुणाचंच अडलं नाही.

व्याही घर लागेपर्यंत राहणार होते. घर लागलं, पडदे लागले, तरी ते आहेतच. रोज सकाळी दोघे रस्त्याच्या पलीकडे दोन खुर्च्या टाकून बसतात, माना वर. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारतात, सांगा हो, हे छप्पर कुणाचं? परवा पोस्टमन सापडला. त्याने भोळेपणाने सांगितलं, "ताईंचं." दोघांनी त्याच्याकडे असं बघितलं, की बिचारा उरलेलं टपाल तिथेच देऊन पुढे पळाला.